लेक विभागीय मैदानी स्पर्धेला निवडली गेलीय, आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही

कातळावरची_आई:
नमस्कार मंडळी. इथे एरवी मी पाककृती आणि कुंड्यांच्या धाग्यांवर असते, खेळांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं की माझी मुलगी नववीत आहे, शालेय मैदानी स्पर्धेत १७ वर्षांखालील गटात ४०० मीटर पळाली आणि जिल्ह्यात दुसरी आली. आता दहा दिवसांनी विभागीय. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे घाट चढून जायचं, आदल्या दिवशी एसटीने निघून मुक्काम करावा लागेल. शाळेत क्रीडाशिक्षक असे नाहीतच, मराठीचे सर हौसेने सगळं बघतात, तेही म्हणाले की ताई, मी स्वतः विभागीयला पहिल्यांदाच जातोय.

ती आजवर पळालीय ती शाळेमागच्या कातळावर. जांभ्याचा सडा, मध्ये मध्ये गवत, एक फेरी साधारण दोनशेची असेल नसेल. तिथे म्हणे रबरी ट्रॅक आहे. सगळ्या मुली खिळ्यांचे बूट घालतात असं तिने जिल्ह्याला पाहिलं आणि तेव्हापासून घरात तोच एक विषय चालू आहे. घ्यावेत का? दहा दिवसांत सवय होते का? सोबत काय काय न्यायचं?

दुसरं म्हणजे सासरे. गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, नातीवर जीव आहे पण त्यांचं म्हणणं, "गोल गोल पळून माणूस जिथून निघाला तिथेच येतो, पुढच्या वर्षी दहावी आहे, बीजगणित बघा." मुलीचे बाबा नोकरीसाठी मुंबईला, ते फोनवर "तुम्ही ठरवा" म्हणतात. म्हणजे ठरवायचं मीच.

रानमोडी:
अभिनंदन! जिल्ह्यात दुसरी म्हणजे थट्टा नाही. न्याच.

तिसरी_लेन:
अभिनंदन ताई. मी शाळा-कॉलेजात ४०० आणि ४०० अडथळे पळायचे, विभागीयला तीनदा गेलेय, राज्याला एकदा, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसवणार नाही.

आधी स्पाइक्स. दहा दिवस आहेत तर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. स्पाइक्सचा पुढचा भाग ताठ असतो, टाच जमिनीला जवळजवळ लागतच नाही, सगळा भार चवड्यावर आणि पोटरीवर येतो. सवय नसताना नवे बूट घालून ४०० पळालं की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि तिला कदाचित दुसऱ्या दिवशीच फायनल असेल. त्यात कातळावर तिला ते घालून सराव करताच येणार नाही, खिळे एका दिवसात बोथट होतील. साधे हलके रनिंग शूज, मळलेले, रोजचे, तेच घालू द्या.

पण बुटांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. ती फेरी दोनशेची आहे म्हणालात ना, म्हणजे तालुक्याला सगळ्या मुली एका रेषेवरून घोळक्याने सुटल्या असणार. चारशेच्या ट्रॅकवर ४०० मीटर शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्येच पळायचं असतं. बाहेरची लेन लांब पडते म्हणून बाहेरच्यांना पुढून सोडतात. दुसऱ्या लेनवाली पहिलीच्या ७.०४ मीटर पुढे उभी राहते, आठवीवाली ५३.०३ मीटर. तुमच्या लेकीला आठवी लेन आली तर तिच्या पुढे एकही पाठ दिसणार नाही. तिला वाटेल मी पहिली आहे! मला इयत्ता सातवीत असताना अस्संच वाटलं होतं, मी मजेत पळत होते, शेवटच्या वळणातून बाहेर आले तर माझ्या आतल्या बाजूला चौघी. तोवर पाय संपलेले.

आतली लेन आली तर उलटं होतं. सगळ्या पुढे दिसतात आणि पोरी घाबरून पहिल्या दोनशेतच जीव काढतात. हे तिला आधी कागदावर काढून दाखवा.

खुर्चीतला_धावपटू:
मी आयुष्यभर आठव्या लेनमध्येच आहे. पुढे कोणी दिसत नाही, निकाल लागला की कळतं.

रानमोडी:
=)) =))

फक्कीवाला:
मी क्रीडाशिक्षक. नोकरीची २२ वर्षं फक्की मारून मैदान आखण्यात गेली म्हणून हे नाव. कामाचं सांगतो.

कागद. शाळेचं बोनाफाईड, जन्मदाखला, आधार, फोटो लावलेलं आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का असलेलं ओळखपत्र. सगळं मूळ प्रत आणि दोन-दोन झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशवीत. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात काना-मात्रेचा फरक असेल तर तो आजच निस्तरा, तिथे जाऊन नाही. टेबलावर बसलेला माणूस तुमची लेक किती वेगाने पळते ते बघत नाही, "वेलांटी" बघतो.

मैदानावर. चेस्ट नंबर लावायला चार सेफ्टी पिना स्वतःच्या न्या, तिथे पिनांसाठी जी मारामारी होते ती शर्यतीत होत नाही. नाव पुकारलं की कॉल रूमला, म्हणजे शर्यतीआधी हजेरी घेतात तिथे, लगेच हजर. "पहिला पुकार, दुसरा पुकार, शेवटचा पुकार" आणि खेळ खलास. दरवर्षी दोन-तीन पोरं संडासच्या रांगेत असताना बाद होतात. सरांना सांगा, मुलीला सोडून चहाला जायचं नाही.

सुटणं. ४०० पर्यंतच्या शर्यतींना स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे पाय टेकून सुटायचे ठोकळे, असतात. तिने कधी पाय ठेवलाय का त्यावर? नसेल तर आदल्या संध्याकाळी मैदानावर जाऊन बघून घ्या. पुढचा पाय रेषेपासून स्वतःच्या दोन पावलांच्या लांबीवर (ढांगा नव्हे), मागचा तीन पावलांच्या, एवढ्यावर सुरुवात करायची, मग सोयीने बदलायचं. आणि बंदुकीआधी हलायचं नाही. पूर्वी एक चूक माफ असायची, २०१० पासून पहिल्या फॉल्स स्टार्टलाच बाहेर. चारशेला सुटताना अर्धा सेकंद उशीर झाला तरी भरून काढता येतो, बाहेर काढल्यावर काय भरून काढणार.

तिसरी_लेन यांच्याशी बुटांबाबत सहमत. फक्त एक, कोणी घातलेच तर सिंथेटिक म्हणजे रबरी ट्रॅकवर खिळा ९ मिमीपेक्षा लांब चालत नाही, काही ठिकाणी ६ चाच आग्रह धरतात. मातीचे लांब खिळे लावून आलेल्या पोरांना मी गेटवर पाना घेऊन खिळे बदलताना पाहिलंय, डोळ्यात पाणी.

तिरकी_चाल:
सगळे अभिनंदन करतायत तर मी जरा विरुद्ध बोलतो, रागवू नका. आजोबांचं मला पटतं. या विभागीयला येणारी निम्मी पोरं खेळासाठी येतच नाहीत. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, सर्टिफिकेटसाठी येतात. पालक स्टॉपवॉच घेऊन उभे, पोरगं हरलं की तिथल्या तिथे कान उपटणार. माझा भाचा थाळी फेकायचा, दहावीचे गुण पदरात पडले त्या दिवसापासून थाळीला हात लावलेला नाही, आता घरी ती दाराला टेकण म्हणून आहे.

रानमोडी:
दाराला टेकण =))

फक्कीवाला:
@तिरकी_चाल, निम्मी म्हणजे कुठून मोजली? गुणांसाठी येतात हे खरं, मी नाकारत नाही. पण गुणांसाठी का होईना पोरगं जून ते नोव्हेंबर पहाटे उठून पळतं ना. आणि आमच्या शाळेत ज्यांच्या घरी क्लासची फी भरायची ऐपत नाही त्यांना ते गुण मिळाले तर तुमचं काय जातं? भाच्याची थाळी विकायची असेल तर सांगा, आमच्याकडे तिघांत एक आहे.

तिरकी_चाल:
थाळी देतो, फुकट घ्या. दार वाऱ्याने आपटेल त्याला जबाबदार तुम्ही.

एक_जून:
या धाग्यावर वयाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझा आयडी बघा. आमच्या पिढीत वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना हात डोक्यावरून कानाला पोचतो का बघायचं आणि तारीख टाकून द्यायची. त्यात लबाडी नव्हती, आईला तिथी आठवायची, तारीख नाही. पण आता जे चालतं ते वेगळं. १७ खालील गटात दाढी केलेल्या गालाचे गडी बघितलेत मी. आमचा पोरगा तिसरा आला, पहिला आलेला बक्षीस घेऊन मोटारसायकलला किक मारून गेला!

ताई, तुमच्या लेकीला अशी कोणी भेटली तर तिला आधीच सांगून ठेवा, मनाला लावून घेऊ नको म्हणावं.

निवृत्त_शिट्टी:
वयचोरी आहे, खोटं कशाला बोला. केंद्र सरकारने त्यासाठी २०१० साली नियमावलीच काढली. संशय आला तर मनगटाचा आणि हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात त्या पद्धतीला. पण एक्स-रे म्हणजे जन्मदाखला नव्हे. काही मुलं खरोखरच लवकर वाढतात, हाडं पुढे गेलेली असतात आणि कागद अगदी खरा असतो. पंच म्हणून उभा असताना मी पण एका मुलाकडे बघून मनात म्हटलं होतं, हा बाप्या इथे कसा. त्याची आई भेटली, सहा फूट उंच. विषय संपला.

आणि कागद खरा असूनही फरक पडतोच. गट वर्षावर ठरतात. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला शेजारी उभे राहतात, तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! डिसेंबरवालं पोर हरतं आणि "आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतं. लबाडी कोणाचीच नसते.

तिरकी_चाल:
माझी डिसेंबर. आज कळलं मी का हरायचो. आईला फोन करतो.

घाटमाथा:
वयावरून आठवलं, अवांतर आहे पण असू दे. अविनाश साबळे शालेय विभागीयचा स्टार होता का? बीड जिल्ह्यातलं मांडवा गाव, शाळा लांब म्हणून पळत जायचा, बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंटमध्ये. तिथे २०१५ ला क्रॉस कंट्री सुरू केलं आणि स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत) तर २०१७ मध्ये, म्हणजे बाविशी उलटल्यावर! पुढचं सगळ्यांना माहितीय, २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य, २०२३ ला आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिसमध्ये डायमंड लीगला ८:०९.९१. चौदा-पंधराच्या वयात विभागीय जिंकलं नाही म्हणून काही बिघडत नाही, आणि जिंकलं म्हणून काही घडतंच असंही नाही.

तिसरी_लेन:
हे साबळेचं उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं आणि मला दरवेळी वाद घालावासा वाटतो. तो सैन्यात गेला म्हणून सापडला. मुलीला बाविसाव्या वर्षी कोण शोधणार आहे? आमच्या बरोबरच्या पोरींची विशीत लग्नं झाली, बूट माळ्यावर. मुलीसाठी शाळेतली ही स्पर्धा म्हणजे कोणाच्या तरी नजरेस पडायची बऱ्याचदा एकुलती एक संधी असते. ललिता बाबर बघा, माण तालुक्यातलं मोही, दुष्काळी भाग, तिथून रिओला २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलमध्ये दहावी. १९८४ ला पी. टी. उषा ४०० अडथळ्यांची फायनल पळाली, त्यानंतर ट्रॅकवर ऑलिंपिक फायनलला पोचलेली पहिली भारतीय बाई. लांब पल्ल्याची धावपटू नाशिकची कविता राऊत, सावरपाड्याची. यांना कोणीतरी वेळेत पळताना बघितलं म्हणून ना.

घाटमाथा:
हा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात मुलगेच होते, खरंय.

सुईदोरा:
उड्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे, २०२५ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीत २.२८ मीटर मारून सहावा. शाळेत असताना पडायला गादी नव्हती तर सरांनी मक्याच्या भुशाची गादी करून दिली होती असं वाचलंय. कातळावर पळणारीला तेवढं ऐकवा.

खुर्चीतला_धावपटू:
आमच्याकडे उंच उडीला वाळू होती. उडी दोन फूट, पॅन्टमध्ये वाळू दोन किलो.

सावली_७२:
बायकांच्या बाजूचं एक लिहिते, पुरुषमंडळींनी डोळे मिटून घ्यावेत किंवा शहाण्यासारखे वाचावेत. तारीख बघा ताई. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर गोळ्या घेऊन पुढे ढकलायच्या भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नका. पाळीत पळता येतं, पुष्कळ मुली पळतात. सोबत जास्तीचे पॅड, गडद रंगाची शॉर्ट, आणि सर पुरुष आहेत म्हणून तुम्ही स्वतः जा किंवा एक शिक्षिका हवीच असा आग्रह धरा. माझ्या मुलीला संपूर्ण दिवस मैदानावर एकच स्वच्छतागृह होतं आणि त्यालाही आतून कडी नव्हती, आम्ही आया आळीपाळीने दाराशी उभ्या. हे कुठलं मैदान ते लिहीत नाही, सगळीकडे तेच असेल असं वाटतं.

आणि खाणं. सकाळी वडापाव-मिसळ अजिबात नाही. घरचा मऊ भात, केळं, राजगिऱ्याची चिक्की. शर्यत अकराची सांगतात आणि पाचला होते, त्यामुळे दिवसभर पुरेल असं न्या.

कातळावरची_आई:
बाप रे, इतकी उत्तरं! सगळ्यांची आभारी आहे. सावलीताई, तारीख बघितली, आधीच होऊन जाईल. मी स्वतःच जातेय सोबत. दाखल्यावर वेलांटी खरंच चुकीची निघाली, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ, सर मुख्याध्यापकांचं पत्र घेताहेत.

बुटांबाबत मात्र माझं कोणी ऐकत नाही. शेजारच्या गावातल्या कॉलेजच्या मुलीने आपले जुने स्पाइक्स दिलेत वापरायला, एक नंबर मोठे आहेत, पुढे कापूस भरला की बसतात. निदान फायनलला घालू का म्हणते.

तिसरी_लेन:
नाही. नाही. आणि कापूस तर मुळीच नाही. वळणावर पाय आत सरकतो, अंगठ्याचं नख काळं होतं.

फक्कीवाला:
नाही.

निवृत्त_शिट्टी:
नाही. ता.क. पळायला लागली की शेवटच्या रेषेला मान पुढे काढून उपयोग नसतो हेही सांगा. आम्ही धड बघतो, छाती-खांदे. डोकं, हात, पाय काही धरत नाही. उषाचं १९८४ चं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं, तिची वेळ ५५.४२ आणि तिसरीची ५५.४१. म्हणून शेवटी छाती टाकायची, पण रेषेवर. पोरी तीन मीटर आधीच वाकतात आणि वेग घालवतात.

वेळेचं पण सांगून ठेवतो. जिल्ह्याला हातातल्या घड्याळावर वेळ घेतलेली असणार. तिथे इलेक्ट्रॉनिक असेल तर आकडा वाढलेला दिसेल, म्हणजे ती हळू पळाली असं नाही. घड्याळवाल्याने बंदुकीचा धूर बघून बटण दाबायचं असतं, आवाज ऐकून नाही. आवाजाला शंभर मीटर यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. शाळांत तर लाकडी क्लॅपर असतो, त्याचा धूर कुठून येणार. एका स्पर्धेत शंभर मीटरचा निकाल असा लागला की आमच्या घड्याळाप्रमाणे पोरगं देशात कोणालाच ऐकणार नव्हतं. घड्याळवाले गुरुजी गप्पा मारत होते, इतकंच.

एक_जून:
=)) त्या पोराने पुढे काय केलं?

निवृत्त_शिट्टी:
किराणा दुकान. चांगलं चाललंय.

रानमोडी:
धागाकर्तीला शुभेच्छा, निकाल नक्की कळवा. आणि धागा लेन सोडून पळतोय, परत या सगळे.

हिरवा_झेंडा:
एक शेवटची टीप माझ्याकडून पण. ४०० म्हणजे पहिलं शंभर जोरात, मधलं दोनशे सैल पण वेग न सोडता, शेवटचं शंभर जे उरेल ते. हिमा दासचा २०१८ चा ज्युनियर वर्ल्डचा ४०० चा व्हिडिओ तिला दाखवा, ५१.४६ सेकंद. शेवटचं वळण संपताना मागे आहे, तिथून सगळ्यांना खाऊन टाकते. मात्र दाखवताना सांगा की ती शेवटी वेग वाढवत नसते, बाकीच्या मंदावत असतात, ती कमी मंदावते.

तिसरी_लेन:
@हिरवा_झेंडा, हे वाक्य मला सतराव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर.

कातळावरची_आई:
(दोन आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो. उशिरा लिहितेय कारण आल्यावर दोन दिवस नुसती झोपले. लिहायचं खूप आहे, जमेल तसं लिहिते.

आंबा घाटात धुकं, बस दोन तास उशिरा, संध्याकाळी मैदानावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. ट्रॅक बघितल्यावर ती पहिल्यांदा खाली बसली आणि हाताने दाबून बघितलं. म्हणाली, आई हे चपलेच्या तळासारखं आहे. मग बूट काढून अनवाणी एक फेरी चालून आली. ब्लॉक वगैरे कुठे ठेवलेत ते कोणालाच माहीत नव्हतं, सकाळी मिळाले.

वेळापत्रकाचं विचारू नका. ४०० ची हीट, म्हणजे फायनलआधीची फेरी, साडेदहाला होती ती दुपारी सव्वादोनला. ऊन कसलं, ट्रॅकवरून वाफ आल्यासारखी दिसत होती. प्यायच्या पाण्याचा एकच ड्रम आणि त्याला साखळीने बांधलेला एकच ग्लास. सावलीताई, तुमच्या चिक्कीने वाचवलं, आणि कडी इथेही नव्हती.

हीटला लेन आली सातवी! माझ्या पोटात गोळा. तिला कागदावर काढून दाखवलं होतं, तिने मान पण डोलावली होती, तरी झालं तेच. सुटली आणि समोर जवळजवळ कोणीच नाही, तर पोरगी निवांत. मी कुंपणाला धरून ओरडतेय, तिला काय ऐकू येणार. वळण संपलं आणि आतून दोघी आल्या, तेव्हा तिने जे मागे वळून बघितलं ते तोंड माझ्या डोळ्यापुढून जात नाही, एसटी चुकल्यावर माणूस बघतं तसं. तिसरी आली. नोंदवलेल्या वेळेच्या जोरावर कशीबशी फायनलमध्ये बसली.

फायनल दुसऱ्या दिवशी सकाळी, लेन तिसरी (तिसरी_लेन ताई, तुमची आठवण काढली). रात्री ती काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली की मला आता सगळ्या पुढे दिसतील ना, मग बरं. स्वतःचेच जुने बूट घातले, स्पाइक्स पिशवीतच राहिले. या वेळी शेवटच्या शंभरात तिने दोघींना मागे टाकलं, चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्यात एक हात अंतर. राज्याला नाही गेली. रडली, हो. मग त्या तिसऱ्या आलेल्या मुलीनेच तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि दोघी गवतावर पाय पसरून बसल्या, ती साताऱ्याकडची, अजून रोज मेसेज चालू आहेत.

तिसरी_लेन:
वाचताना माझ्याच पोटऱ्या दुखल्या. चौथी! पहिल्याच वर्षी, कातळावरून जाऊन, साध्या बुटात. तिला सांगा पुढच्या वर्षीही ती १७ खालीलच असेल, आणि आता स्पाइक्स घ्या. आत्ता, पुढच्या स्पर्धेच्या दहा दिवस आधी नाही.

तिरकी_चाल:
अभिनंदन. मनापासून. आणि आजोबा काय म्हणाले?

कातळावरची_आई:
तेच सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच परत आलेय, एक अडचण आहे.

आल्यावर तिने त्यांना तो लेनचा कागद दाखवला, सातवीवाली पुढून का सुटते म्हणून. बीजगणित बाजूला राहिलं. आजोबांनी चष्मा लावला, वही घेतली, ट्रॅकची पट्टी किती रुंद विचारलं, सरांना फोन करून १.२२ मीटर असं काढलं. मग म्हणे सोपं आहे, त्रिज्या १.२२ ने वाढली तर परीघ दोन पाय (π) गुणिले १.२२ ने वाढणार, म्हणजे दुसऱ्या लेनला ७.६७ मीटर पुढे उभं करायला हवं. तुम्ही इथे लिहिलंय ७.०४. परवापासून घरात तेवढंच चालू आहे. "मुलांना त्रेसष्ट सेंटिमीटर जास्त पळवतात आणि कोणी बोलत नाही!" क्रीडाखात्याला पत्र लिहितो म्हणतात. कोणीतरी सांगा हो.

खुर्चीतला_धावपटू:
आजोबा रॉक्स. पत्राखाली माझी पण सही घ्या.

निवृत्त_शिट्टी:
नमस्कार सांगा मास्तरांना, त्यांचं गणित बरोबर आहे, फक्त मोजायची जागा चुकतेय. पहिल्या लेनला आतून उंच कड असते, पाय लागेल म्हणून मुलं जरा लांबून पळतात, तिथे कडेपासून ३० सेंटिमीटरवर अंतर मोजतात. बाकीच्या लेनला नुसती रेषा, तिथे रेषेपासून २० सेंटिमीटरवर. म्हणजे पहिल्यातून दुसरीत जाताना त्रिज्या १.२२ ने नाही, १.१२ ने वाढते. दुसरीतून तिसरीत मात्र पुरती १.२२.

कातळावरची_आई:
वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप्प होते. मग वहीत खाली उतरत गेले आणि आठव्या लेनला ५३.०३ आलं तेव्हा एकदम "हां!" म्हणाले, शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

आता सरांकडे निरोप गेलाय की कातळावर चारशेचा ट्रॅक बसतो का ते रविवारी मोजायला येतो, दोरी आणि फक्की तयार ठेवा. फक्की कुठली घेतात हो?

फक्कीवाला:
कुठलीही घ्या, पण वारा नसताना सकाळी मारायला सांगा. आणि मास्तरांना म्हणावं पांढरा सदरा घालून येऊ नका, किंवा पांढराच घालून या.